लॉबीत गेली ती बाद

आमच्या विशाखाला राग आला की ती भांडत नाही. ताट पुढं ओढते, नीट जेवते, हात धुते आणि तो राग आत कुठंतरी ठेवून देते. आपण बरणीत लोणचं ठेवतो तसा. वर्षानं काढला तरी तो नासलेला नसतो, उलट मुरलेला असतो.

विशाखा माझी नणंद. लग्न होऊन मी संभाजीनगरात मुकुंदवाडीला आले, त्याच वर्षी ती कॉलेजसाठी पाचोडहून आमच्याकडं राहायला आली. तिला सोडायला आलेल्या सासूबाईंनी, गोजरबाईंनी, मला ओट्यापाशी नेऊन हळूच सांगितलं, "सूनबाई, हिच्याशी वाकडं घेऊ नको बरं. लहानपणी बाजारात कासारणीनं हिला ढकललं व्हतं, गर्दीत. तुह्या लग्नात समद्या बायांनी बांगड्या भरल्या, ही मोकळ्या हातानं मिरवली. का, तर अख्ख्या पाचोडात तीच एक कासारीण."

विशाखा दारातून ऐकत होती. म्हणाली, "वहिनी, ती बाई अजून दुकानावर बसते. बघू."

मी हसले. तेव्हा मला वाटलं, ही गंमत आहे.

विशाखा कबड्डी खेळायची, उजव्या कोपऱ्यावर. विद्यापीठाच्या संघापर्यंत गेली. मग एका सामन्यात पकड करताना तिचा गुडघा फिरला आणि तिला चौघींनी उचलून मैदानाबाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, चालणं-फिरणं होईल, खेळणं विसरा. ती रडली नाही. महिनाभर पलंगावर पडून राहिली आणि एक दिवस म्हणाली, "वहिनी, मी पंच होणार. उचलून बाहेर नेलं ना मला? आता चालत आत जाणार, शिट्टी घेऊन. मग बघू कोण बाहेर काढतं."

पंचाची परीक्षा असते, हे मला तेव्हा कळलं. आधी लेखी, मग मैदानावर, मग तोंडी. नियमांचं एक पातळसं पुस्तक असतं. ते पुस्तक आमच्या घरात मिठाच्या बरणीशेजारी राहायला लागलं. मी भाकरी थापत प्रश्न विचारायची, ती भाजी चिरत उत्तरं द्यायची. मी मराठी शाळेत शिकलेली, खेळाच्या तासाला लंगडीच्या पुढं कधी गेले नाही. पण दोन-तीन महिन्यांत मलाही सगळं पाठ झालं. एखादा नियम डोक्यात शिरला नाही तर ती परातीत पिठानं मैदान आखायची. तुरीचे दाणे म्हणजे बचावाच्या मुली, शेंगदाणा म्हणजे चढाई करणारी, म्हणजे रेडर. तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, अतुल, कामावरून आले की परातीत डोकावून विचारायचे, "आज भाकरी मिळणार का नुसताच बोनस गुण?"

त्यातला एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. कबड्डीच्या मैदानाला दोन्ही कडांना एकेक पट्टी असते. तिला लॉबी म्हणतात. रेडरनं कुणाला शिवेपर्यंत त्या पट्टीत जायला बंदी. शिवाशिव झाली की पट्टी मैदानात धरली जाते. आता समजा, रेडर कुणालाच न शिवता पट्टीत गेली आणि तिला धरायला धावलेल्या दोघीतिघीही तिच्यामागं पट्टीत गेल्या. बाद कोण? पूर्वी म्हणायचे, ज्या गेल्या त्या सगळ्या बाद. विशाखाच्या हातातल्या नव्या पुस्तकात दुरुस्ती होती: फक्त रेडर बाद. तिचा पाय पट्टीत पडला तिथंच शिट्टी मारायची, खेळ थांबला, मागून आलेल्यांना काही नाही. शेंगदाणा एकटा परातीबाहेर. तुरीचे दाणे जागच्या जागी.

लेखीत ती पहिली आली. मैदानावरही उत्तम झालं. तोंडीच्या दिवशी मी सोबत गेले.

एका शाळेच्या हॉलमध्ये परीक्षा होती. परीक्षक राजेंद्र बोडखे. शहरातल्या कबड्डीत त्यांचा शब्द चालायचा. बोडखे सर टेबलामागं बसत नसत. खुर्ची टेबलाच्या बाजूला ओढून, बूट काढून, पाय लांब करून बसत. कारण साधं होतं. येणारा प्रत्येक उमेदवार आधी त्यांच्या पाया पडायचा, मग प्रश्न. टेबल मध्ये आलं तर पोरांची अडचण झाली असती. मी व्हरांड्यात खिडकीपाशी उभी होते. एकेक जण आत जाई, वाके, पाठीवर थाप घेई आणि हसत बाहेर येई.

विशाखा आत गेली. ताठ उभी राहिली, हात जोडले. "जय भीम, सर."

सरांनी आधी आपल्या पायांकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"गुडघ्याचा काही त्रास?" त्यांनी विचारलं.

"होता सर. आता वाकता येतं."

"असं. येतं तर." त्यांनी पाय मागं घेतले आणि लॉबीचा प्रश्न विचारला.

तिनं पुस्तकात होतं तेच सांगितलं. फक्त रेडर बाद, खेळ तिथंच थांबवायचा.

"चूक. लॉबीत गेली ती बाद. सगळ्या बाद. माझं आयुष्य गेलंय मैदानात."

"सर, नव्या पुस्तकात दुरुस्ती आहे. पुस्तक आणलंय मी. दाखवू?"

"पुस्तकं छापणारे मैदानात उतरत नाहीत, बाई." मग व्हरांड्यातल्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंचाला रेषा बघायला खाली वाकावं लागतं. तुम्हाला ती सवय दिसत नाही. आधी वाकायला शिका. पंच काय, नंतरही होता येईल."

पोरं हसली. एक जण तर माझ्याच शेजारी उभा राहून खिदळला.

बोडखे सरांनी तिथं एक रिवाज घातला होता. बाकीचं कितीही येवो, मैदानावरच्या निकालाचा प्रश्न चुकला की तोंडीत नापास. विशाखा नापास झाली.

घरी आल्यावर तिनं ताट पुढं ओढलं, नीट जेवली, हात धुतले. मी वाट बघत होते, काहीतरी बोलेल. एवढंच म्हणाली, "वहिनी, लेखीत पेपर तरी राहतो. तोंडीत काय राहतं?"

"काय राहतं?"

"माणसं राहतात," ती म्हणाली. "तो आहे, मी आहे, तू आहेस. तू ऐकलंस ना? विसरू नको."

मी कशी विसरणार? मी रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावते, वंदना म्हणते. कुणाचं वाईट चिंतू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण त्यानंतर कित्येक दिवस डोळे मिटले की मला बोडखे सरांचे ते लांब केलेले पाय दिसायचे. मोजे फिकट निळे होते.

पुढं विशाखाला अंबडला एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली, त्यामुळं ती जालना जिल्ह्यातून परीक्षेला बसली आणि पास झाली. सामने करू लागली. मी एकदा तिचा सामना बघायला गेले होते. रेषेवर पाय पडला की नाही हे बघायला ती इतकी खाली वाकायची की वाटे, आता हिचं कपाळ मातीला लागतंय. तो दुखरा गुडघा धरून वाकायची. खेळाडू तिच्याशी वाद घालत नसत. एका गावात सरपंचाच्या पुतण्याला तिनं बाद दिलं तर लोक मैदानात उतरले. ही पुस्तक उघडून उभी राहिली. म्हणाली, "वाचा. ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचा." कुणीच वाचलं नाही. हळूहळू राज्याच्या यादीत तिचं नाव लागलं. मधल्या काळात तोंडी परीक्षांच्या तक्रारी फार झाल्या म्हणून परीक्षक बाहेरच्या जिल्ह्याचा घ्यायचा असं ठरलं. बोडखे सरांची खुर्ची गेली, पण माणूस कुठं जातो? त्यांनी उमेदवारांसाठी वर्ग सुरू केला. परीक्षेआधी सगळे त्यांच्याकडं शिकायला.

गेल्या उन्हाळ्यात विशाखाचा फोन आला. आवाज एकदम शांत. तेवढ्यावरून मी ओळखलं, काहीतरी मोठं आहे.

"वहिनी, संभाजीनगरची तोंडी माझ्याकडं आलीय."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

तिला एकच माहिती हवी होती आणि ती मी आणून दिली. बोडखे सरांचा वर्ग मी शिकवते त्या बालवाडीच्या रस्त्यावरच्याच मैदानावर भरायचा. मी मुद्दाम कुंपणाशी जाऊन भाजीची पिशवी खाली ठेवली आणि चपलेचा बंद लावत बसले. सर ओरडत होते, "लॉबीत गेली ती?" आणि पोरं-पोरी एका सुरात म्हणत होत्या, "बाद!" पुढच्या ओळीत त्यांची स्वतःची मुलगी संस्कृती होती. सगळ्यांत मोठा आवाज तिचा.

घरी पोचायचीही वाट पाहिली नाही, रस्त्यातूनच फोन लावला. "अजून तेच शिकवतो गं. अजून त्यानं पुस्तक उघडलेलं नाही."

पलीकडं विशाखा पहिल्यांदा हसली.

परीक्षेच्या दिवशी ती मला घेऊनच निघाली. "तेव्हा तू होतीस, आताही तू पाहिजेस." रिक्षात मात्र तिनं मध्येच विचारलं, "वहिनी, खरं सांग. हा प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे का?"

"प्रश्न पुस्तकातला आहे?"

"आहे."

"सगळ्यांना तोच विचारणार?"

"एकेकाला बोलावून. सगळ्यांना."

"मग विचार."

अख्ख्या पुस्तकातून तिनं तोच प्रश्न का निवडला, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. रस्त्यावरच्या शंभर दगडांतून हाताला बसणारा एक दगड माणूस उचलतो, तसा तो उचललेला होता. पण मी गप्प बसले. मलाही तो दगड लागलेला बघायचा होता.

तीच शाळा, तोच हॉल. बोडखे सर दारातच उभे. केस पांढरे झालेले, बाकी तसेच. तिला बघून पुढं आले. "या मॅडम, या! राज्याच्या पंच आमच्याकडं म्हणजे आमचं भाग्य. मूळच्या कुठल्या?"

"पाचोडच्या. शिकले इथंच."

"अरे वा, म्हणजे आपल्याच! तोंडी कुठं दिली होती तुम्ही?"

"इथंच, सर. ह्याच हॉलमध्ये. नापास झाले होते."

"अरेरे! तुमच्यासारखीला नापास? कोण होतं परीक्षक?"

"होते एक सर," विशाखा म्हणाली.

ते तिला विसरले होते. पार विसरले होते. माझ्या अंगाची आग झाली. आम्ही एवढी वर्षं ज्या माणसाला डोक्यात घेऊन फिरलो, त्याच्या डोक्यात आमच्यासाठी उभं राहण्यापुरतीही जागा नव्हती.

विशाखानं खुर्ची टेबलामागं ओढून घेतली, पाय आत घेतले. उघड्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कुणी पाया पडायचं नाही. आत यायचं, उभं राहायचं, उत्तर द्यायचं. मैदानी निकालाचा प्रश्न चुकला तर नापास. हा रिवाज इथलाच आहे, माझा नाही. बरोबर ना, बोडखे सर?"

"बरोबर, बरोबर," सर कौतुकानं म्हणाले. "मीच घातलेला."

दार उघडंच ठेवलं होतं, पण उमेदवार लांब, मैदानाच्या टोकाला झाडाखाली बसवले होते. एकाचं झालं की दुसऱ्या वर्गात बसायचं, म्हणजे बाकीच्यांना प्रश्न कळायला नको. मी व्हरांड्यात, माझ्या जुन्या खिडकीपाशी.

पहिला मुलगा आला. बाकीच्या प्रश्नांना फाडफाड बोलला. मग लॉबी. "सगळ्या बाद, मॅडम!" छाती काढून म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. बोडखे सरांनी शिकवलंय."

"बसा त्या वर्गात."

दुसरा, तसंच. तिसरी, तसंच. विशाखाचा आवाज एकदाही चढला नाही. पैठणहून एसटीनं आलेली मोनाली नावाची एक मुलगी होती, तिला रोज येऊन वर्ग करणं जमलं नव्हतं. ती बिचारी घाबरत म्हणाली, "मॅडम, पुस्तकात तर फक्त रेडर बाद दिलंय. चुकत असंल तर सांगा." विशाखानं तिला सगळ्यांइतकेच प्रश्न विचारले आणि पास केलं. त्या दिवशी पास झालेली ती एकटी.

शेवटी संस्कृती आली. सवयीनं टेबलाला वळसा घालून वाकायलाच लागली.

"ताठ उभी राहा, बाळ," विशाखा म्हणाली.

मुलगी हुशार होती. सगळी उत्तरं बरोबर. लॉबीचा प्रश्न आला आणि तिनं वर्गातल्या त्याच खणखणीत आवाजात सांगितलं, "लॉबीत गेली ती बाद! सगळ्या बाद."

"पुस्तक वाचलंस का?"

"पप्पा म्हणाले, पुस्तकाची गरज नाही. मी आहे ना."

तेवढ्यात बोडखे सर आत आले. इतका वेळ ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला फेऱ्या मारत होते. लेकीचा आवाज ऐकून जवळ आले असावेत. "झालं ना, मॅडम? आमची संस्कृती तयार आहे की नाही?"

विशाखानं दुसऱ्या वर्गातल्या सगळ्यांना बोलावलं. हॉलमध्ये उभं केलं आणि निकाल सांगितला. मोनाली पास. बाकी सगळे नापास.

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग एकच गलका. "सर, असं कसं?" "सर, तुम्हीच सांगितलं होतं!" बोडखे सरांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, हा काय प्रकार आहे? लॉबीत गेली ती बाद. अख्खा जिल्हा मी घडवलाय!"

विशाखानं पुस्तक उघडून टेबलावर त्यांच्याकडं फिरवलं. "वाचा, सर."

ते वाचायला वाकले. चष्मा खिशात होता, तो काढून लावावा लागला, म्हणून चांगलेच वाकले. वाचून झाल्यावरही तसेच राहिले. मग मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. पुन्हा तिच्याकडं.

"तुम्ही... गुडघ्याचा त्रास..."

"होता, सर. आता वाकता येतं. रेषा बघायला रोज वाकते."



"सूड उगवताय तुम्ही," ते हळू आवाजात म्हणाले.

"व्हय," विशाखा म्हणाली. रागात ती पाचोडची होते. "उगवतेय. पण प्रश्न पुस्तकातला आहे, आणि उत्तरही. तुमचं तसं नव्हतं. आता ह्या पोरांना सांगा, बाद कोण?"

पोरं त्यांच्याकडं बघत होती. ज्यांनी सकाळीच त्यांच्या पायांना हात लावला होता, तीच. एक जण म्हणाला, "सर, सांगा ना काय असंल ते. आमचं वरीस गेलं."

"फक्त रेडर," सर पुटपुटले.

"व्हरांड्यात ऐकू गेलं पाहिजे. माझ्या वेळी गेलं होतं."

"फक्त रेडर बाद!"

"आणि मी ते सांगितलं तेव्हा?"

लेकीसमोर, पोरांसमोर त्यांना म्हणावं लागलं, "तेव्हाही... तेच बरोबर होतं. तुमचं बरोबर होतं." आणि लगेच, हात जोडून, "झालं ना मॅडम मनासारखं? आता ह्या पोरांना पास करा. चूक माझी आहे, त्यांची नाही."

मला वाटलं, आता करील. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की करावं. त्या तिसऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं.

विशाखानं पुस्तक मिटलं. "मी सौदा कधी केला, सर? तुम्ही खरं बोललात, ते बोलायलाच पाहिजे होतं. ह्यांचं उत्तर चुकलं ते चुकलं. उद्या मैदानावर एखाद्या पोरीला हे चुकीचं बाद देतील, तेव्हा ती कुणाकडं जाणार? पावसाळ्यानंतर परत तोंडी आहे. पुस्तक वाचून या."

आम्ही फाटकापाशी रिक्षा बघत होतो. मागून संस्कृती धावत आली. डोळे सुजलेले. मला वाटलं, शिव्या घालणार. ती म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक कुठं मिळतं?"

"औरंगपुऱ्यात. खेळाच्या सामानाची दुकानं आहेत तिथं विचार." विशाखा रिक्षात बसली आणि मान बाहेर काढून म्हणाली, "आणि पप्पांना घेऊन जा. एक त्यांच्यासाठीही घे."

हे म्हणायची गरज नव्हती. पण ते ऐकून मला जे बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

घरी आल्यावर तिनं ताट पुढं ओढलं. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. अतुल म्हणाले, "काय गं, आज लोण चढवलास का काय? अख्खा संघ बाद?" ती नुसती मान हलवून खात राहिली. हात धुऊन आली तेव्हा मी तिचा चेहरा बघत होते. ठेवून द्यायला आत काही शिल्लक नव्हतं, त्यामुळं जरा रिकामा दिसत होता.

"आता?" मी विचारलं.

"आता ती कासारीण राहिली," विशाखा म्हणाली.

बोडखे सरांचा वर्ग त्यानंतर भरला नाही. पावसाळ्यानंतरच्या तोंडीला परीक्षक दुसऱ्या जिल्ह्याचे होते. संस्कृती पास झाली. त्या परीक्षकांच्याही कुणी कुणी पाया पडायला लागलं होतं, पण संस्कृती सरळ उभी राहिली आणि तिनं हात जोडले, असं त्या दिवशी तिथं मदतीला आलेल्या मोनालीनं मला सांगितलं.

पण हे सगळं पुढचं. विशाखानं निकाल दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी मेणबत्ती लावली. वंदनेच्या शेवटी मी एकेका माणसाचं नाव घेऊन, त्याचं भलं होवो, म्हणते. घरच्यांची नावं झाली, शेजारपाजार झाला, बालवाडीतली लेकरं झाली, काल नापास झालेली पोरंही झाली. मग थांबले. बोडखे सरांचं नावही घ्यायला पाहिजे, हे मला कळत होतं.

घेतलं. पण सगळ्यांत शेवटी, आणि मनातल्या मनात.